नेलेल्या माणसाची पावती

कुंभकोणम्, १६ जून २०२५

अप्पा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. मग ‘साष्टांग नमस्कार’ लिहून पाहिलं, तेही खोडलं. नुसतं ‘अप्पा’ उरलं. पाटीवर देवनागरी गिरवून घेताना तुम्ही म्हणायचात, घरातलं मराठी घरात बोल, लिहिताना पुण्याकडच्यासारखं लिही, नाहीतर लोक हसतील. तसंच लिहिते आहे. हसण्याची भीती मात्र नाही, कारण हे पत्र मी टाकणारच नाही.

आजपासून मी कामाला लागले. वकिलीची पदवी घेऊन चेन्नईहून परत आल्यापासून सात महिने घरी होते. भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत मानवी हक्कांचं काम करणाऱ्या एका संस्थेची शाखा आहे. शाखा म्हणजे चंद्रमौळी सर, एक लोखंडी कपाट आणि आता मी. मी इंटर्न, सहा महिन्यांसाठी. श्रीलंकेतलं युद्ध संपलं तेव्हा जी माणसं नेली गेली आणि परत आली नाहीत, त्यांच्या घरच्यांच्या साक्षी आम्ही लिहून घेतो. समुद्र ओलांडून इकडे आलेले बरेच जण आसपासच्या गावांत राहतात. काही देशांत असा कायदा आहे की असला गुन्हा जगात कुठेही घडो, खटला तिथे चालू शकतो. तशा एका देशात तिकडचा एक निवृत्त लष्करी अधिकारी मुलाकडे राहायला गेला आहे. तिथले वकील त्याच्याविरुद्ध फाईल तयार करत आहेत. वीस ऑगस्टला ती दाखल व्हायची आहे.

सरांनी आल्याआल्या नियम सांगितले. साक्षीदाराला कसलंही वचन द्यायचं नाही. बाहेर दिसला तर ओळख दाखवायची नाही. लिहून झालेली साक्ष पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच्या भाषेत वाचून दाखवायची, त्याशिवाय सही घ्यायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. शिवाय इथलं काही बाहेर बोलणार नाही, असं मी लिहून दिलं आहे. म्हणजे अम्माशी नाही, मैत्रिणींशी नाही. मैत्रिणी तशाही सगळ्या बेंगळुरूला गेल्या. उरलात तुम्ही. आठ वर्षांत अम्माच्या एकाही पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं म्हणजे कुणालाच न सांगणं.

अर्जात वडिलांचं नाव आणि व्यवसाय असा एक रकाना होता. भरला.

नित्या

कुंभकोणम्, ५ जुलै

अप्पा,

दिवसभर कानाला हेडफोन लावून मी जुन्या साक्षी ऐकते आणि उतरवून काढते. सर कोर्टात जातात, मी आणि पंखा उरतो. खाली दुकानात पितळेवर हातोडी चालू असते, ती हेडफोनमधूनही ऐकू येते. बायका बोलता बोलता थांबतात आणि नुसता श्वास ऐकू येतो, तिथे मी ‘विराम’ असं लिहायचं असतं. काल एका पानावर नऊ विराम झाले. घरी आल्यावर अम्मा विचारते, “आज काय जालं?” मी म्हणते, काही नाही. मग आम्ही दोघी टीव्हीसमोर जेवतो. आपल्या रस्त्यावर आता मराठी बोलणारी दोनच घरं उरली, त्यातल्या एकाला कुलूप आहे.

तुम्ही मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालात, हे आम्हाला ठाऊक आहे. अम्मा आठ वर्षं लोकांना ‘बदलीवर आहेत’ सांगत आली. मला वाटलं, आता काय सांगेल? पण ती तुमच्यापेक्षा हुशार निघाली. परवा माझ्या मैत्रिणीच्या, सौम्याच्या आईला म्हणाली, “बँकवाल्यांनीं तिकडेच एक वर्ष राहा म्हणून धरून ठेवलेत.” नाशिकच्या तुमच्या दारावर दोन नावांची पाटी आहे, हे राजगोपालमामा बघून आला, तेही तिला ठाऊक आहे. तरी कपाळावर रुपयाएवढं कुंकू असतं.

गुरुवारी मी पहिली साक्ष एकटीने घेतली. बाईंचं नाव लिहिता येत नाही, कागदावर त्या के-३१ आहेत. मी त्यांना अक्का म्हणते. पानमळ्यांच्या एका गावात राहतात. तशी गावं इथं दहा आहेत, म्हणून एवढं लिहायला हरकत नाही. शेडमध्ये ओल्या गोणपाटावर बसून विड्याची पानं निवडतात आणि शंभरांच्या कवळ्या बांधतात. बोलतानाही हात थांबत नाही. होकाराला ‘ओम्’ म्हणतात, मला ‘पिळ्ळै’ म्हणतात. पिळ्ळै म्हणजे लेकरू.

सोळा वर्षांपूर्वी एका पुलापाशी कर्ण्यावरून सांगत होते, ज्यांनी ज्यांनी बंडखोरांसाठी काही काम केलं असेल त्यांनी नाव नोंदवा, चौकशी करून सोडून देऊ. अक्कांचा नवरा होडीची इंजिनं दुरुस्त करायचा. तो जायला तयार नव्हता. अक्काच म्हणाल्या, जा, नाव लिहून घेतील आणि सोडतील. त्यांनी स्वतः त्याचा हात धरून गणवेशातल्या माणसाच्या हाती दिला. बसमध्ये अकरा जण होते. बस वळली, तेव्हा त्याने खिडकीतून पाण्याची बाटली परत दिली, तुला लागेल म्हणून.

हे सगळं मी नीट उतरवलं. वाचूनही दाखवलं. पहिलं पान तेवढं सोडलं, त्यात नुसतं नाव, वय, गाव आणि कुटुंबाची माहिती असते. पानांचा टेम्पो येऊन उभा होता आणि अक्कांची नजर सारखी तिकडे जात होती. सर म्हणाले, साक्ष चांगली झाली आहे. शाळेत पहिला नंबर आल्यावर तुम्ही मला दाट दुधाची डिग्री कॉफी पाजली होती, त्याची आठवण झाली. एकटीच जाऊन प्याले.

नित्या

कुंभकोणम्, ३ ऑगस्ट

अप्पा,

आज तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस. कावेरी दोन्ही काठ भरून वाहते आहे. अम्मा पहाटेपासून चित्रान्नं करत होती, लिंबाचं, चिंचेचं, नारळाचं. मला म्हणाली, “नदी वर्षाला एकदांच अशी येते, घरांत बसून काय करतेस?” म्हणून चक्र घाटावर गेले.

तुम्हाला आठवतच असेल. बायका नदीला काळे मणी आणि ताडाच्या पानाची कानातली वाहतात आणि नवऱ्याला आयुष्य मागून गळ्यातला पिवळा दोरा बदलतात. अम्मानेही बदलला. मी दुसरीकडे पाहिलं. आणि जिकडे पाहिलं तिकडे, चार पायऱ्या खाली, अक्का उभ्या होत्या.

त्यांनी पोलक्यातून थाळी बाहेर काढली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र. जुना दोरा सोडला, नवा हळदीचा दोरा ओवला, डोळे मिटून गळ्यात बांधला. मग परत आत सरकवला.

अप्पा, पहिल्या पानावर चार चौकोन असतात. अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. अक्कांचं कपाळ मोकळं होतं, गळ्यात काही दिसत नव्हतं. मी न विचारता तिसऱ्या चौकोनात खूण केली होती. आणि ते पान मी वाचून दाखवलेलं नाही.

पुढे काय झालं ऐका. अम्मा ताट घेऊन घाटावरच्या सवाष्णींना हळदीकुंकू आणि विडा देत होती. देता देता ती अक्कांपर्यंत पोचली. तिला काय ठाऊक, समोर कोण आहे. गळ्यातला ओला दोरा तिने पाहिला असेल. तिने सरळ कुंकू लावलं. दिवसभर पानं निवडणाऱ्या बाईने दोन पानांचा विडा ओंजळीत घेतला आणि डोळ्यांना लावला. मग त्यांनी मला पाहिलं. ओळख दाखवायची नाही हा नियम, म्हणून मी पाण्याकडे पाहत राहिले. नियमामुळे माझी सुटका झाली, हेही खरं.

सरांना उद्या सांगेन.

नित्या

कुंभकोणम्, ७ ऑगस्ट

अप्पा,

सोमवारी सांगितलं नाही. मंगळवारी सर कोर्टात होते. बुधवारी मला वाटलं, परदेशातून मसुदा आला की ती खूण गुपचूप दुरुस्त करून पाठवू, कुणाला कळायचंही नाही. तुमची मुलगी आहे, अवघड गोष्ट तशीच ठेवून निघून जाणं रक्तातच असेल.

आज मसुदा आला. सरांनी तो माझ्याच हाती दिला, अक्कांना वाचून दाखव आणि शेवटची सही घे म्हणून. मी बसमध्ये वाचला असता तर त्या खुणेचं तिथे काय झालं ते कळलं असतं. वाचला नाही, झोप लागली.

शेडमध्ये अक्कांसमोर बसून मी वाचायला लागले. इंग्रजीतून थेट तमिळमध्ये सांगत होते. तिसऱ्या ओळीत आलं, ‘साक्षीदार विधवा असून तिचे मयत पती’. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मी थांबले. अक्कांचे हात पहिल्यांदाच थांबलेले पाहिले.

त्या म्हणाल्या, “सोळा वर्षं मी दारोदार विचारते आहे, पिळ्ळै. ज्यांनी नेला त्यांनीसुद्धा तो मेला असं अजून मला सांगितलेलं नाही. ते तू लिहिलंस.”

मी काहीतरी बोलले, चौकोन, खूण, घाई असं. त्या म्हणाल्या, “मी कुंकू लावून बाहेर पडले की लोक विचारतात, नवरा कुठे. पुसून निघाले की कुणी विचारत नाही. म्हणून बाहेर पुसते. तुला मी घरातली समजून सगळं सांगितलं होतं. तू बाहेरचीच निघालीस.”

सही केली नाही. कवळी बांधून गोणपाटावर ठेवली आणि आत गेल्या.

नित्या

कुंभकोणम्, १० ऑगस्ट

अप्पा,

सरांना सगळं सांगितलं, घाटावरचंही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला समजावून सांगितलं. माणूस नाहीसा केला गेला, तर तो कुठे आहे याचं उत्तर मिळेपर्यंत गुन्हा चालूच असतो, रोज नव्याने घडत असतो. तो मेला असं आपणच लिहून दिलं की समोरचा वकील म्हणेल, मग आता विचारता कशाला? त्या बसमधल्या अकरांपैकी दहांच्या घरून सह्या आल्या आहेत. अक्कांची सही आली नाही तर वीस तारखेला दहाच नावं दाखल होतील. त्यांचा नवरा त्या बसमध्ये होता, असं जगात कुठल्याच कागदावर राहणार नाही.

मी म्हटलं, आत्ता जाते, त्यांचे पाय धरते. सर म्हणाले, “नाही. साक्षीदाराला गळ घालायची नाही. त्या नाही म्हणू शकतात, हा त्यांचा हक्क आहे आणि तो तुझ्या पश्चात्तापापेक्षा मोठा आहे. तू एकदाच जा. चूक आपली होती एवढं सांग, त्यांचे कागद त्यांना परत दे आणि निघून ये.”

मग उठता उठता म्हणाले, “तुझ्या अर्जातही एक चूक होती, नित्या. मी पहिल्याच दिवशी पाहिली. घरातली गोष्ट म्हणून बोललो नाही. बोलायला हवं होतं.”

तेव्हा आता सांगून टाकते. वडिलांच्या रकान्यात तुमचं नाव कृष्णकुमार राव असं लिहून पुढे मी ‘दिवंगत’ लिहिलं होतं. कॉलेजच्या अर्जातही तेच लिहिलं होतं, वसतिगृहाच्या अर्जातही. पहिल्यांदा लिहिताना दोनदा खोडलं होतं, आता सवय झाली आहे. सर तुम्हाला बँकेमुळे चेहऱ्याने ओळखतात; त्यांनी तुम्हाला गेल्या वर्षी तंजावरला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं. तंजावर इथून तासाभरावर आहे, अप्पा. तुम्ही तिथे येऊन गेलात हे मला परक्या माणसाकडून कळलं. खूप रडले.

नित्या

कुंभकोणम्, १५ ऑगस्ट

अप्पा,

काल गेले होते. अक्का शेडमध्येच होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, चूक माझी होती, हे कागद तुमचे आहेत. कागद गोणपाटावर ठेवले आणि वळले.

“का लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“कपाळ मोकळं दिसलं म्हणून.”

“एवढंच?”

एवढंच नव्हतं. गळ घालायची नाही हे मला ठाऊक होतं, पण विचारल्यावर खोटं बोलायचं का? मी म्हटलं, “माझे वडील जिवंत आहेत, अक्का. दुसऱ्या गावी राहतात, घरी येत नाहीत. मी सगळीकडे त्यांना दिवंगत लिहिते. मेले म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. हाताला तीच सवय लागली असेल.”

त्या हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. “ओम्. मी कुंकू पुसते, तू बाप पुसलास.” मग हसू गेलं. “तुझ्या आईला विचारलं होतंस?”

“नाही.”

“ती काय करते?”

“कुंकू लावते.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. घाटावरचं ताट त्यांना आठवलं असावं. त्यांनी बाजूचं गोणपाट झटकून पुढे सरकवलं आणि एक ढीग माझ्यासमोर लोटला. मी बसले. पानाचा देठ कुठे खुडायचा ते त्यांनी एकदा दाखवलं. तासभर आम्ही पानं निवडली. मी बांधलेली कवळी त्यांनी सोडून परत बांधली.

टेम्पो आला, भरला, गेला. मग हात पदराला पुसून त्या म्हणाल्या, “वाच. पहिल्या पानापासून.”

मी नाव वाचलं, वय वाचलं, गाव वाचलं. चौकोनांपाशी आल्यावर विचारलं, इथे काय लिहू? त्या म्हणाल्या, चौकोनात नको, खाली लिही. आणि सावकाश सांगत गेल्या. विवाहित. नवऱ्याला मी स्वतःच्या हाताने सोपवलं. तो चालत गेला. तेव्हा त्याच्या अंगावर एकही जखम नव्हती. त्याचं नाव वहीत लिहून घेतलेलं मी पाहिलं. मला चिठ्ठी दिली नाही.

“चिठ्ठी?” मी विचारलं.

“स्टेशनबाहेर सायकल ठेवली तरी चिठ्ठी देतात, पिळ्ळै. मी माणूस दिला. त्यांना शिक्षा होईल की नाही, ते तुमचे मोठे लोक बघतील. मला तेवढा कागद पाहिजे. याला आम्ही नेलं, असं लिहिलेला.”

असा कागद मिळेल, असं वचन मी दिलं नाही. वचन द्यायचं नाही, हा नियम तरी पाळला. ते वाक्य मात्र जसंच्या तसं लिहिलं, त्यांना दोनदा वाचून दाखवलं आणि त्यांनी सही केली. अंगठ्याला पानांचा हिरवा डाग होता, तो कागदावर उमटला आहे. सर म्हणाले, राहू दे.

आज आडीचा शेवटचा शुक्रवार. अम्मा देवघरापुढे रांगोळी काढत होती. मी बाजूला बसून तिला सांगितलं, मी अर्जात काय लिहिलं होतं ते. साक्षीचं काही सांगितलं नाही, आपलं तेवढं सांगितलं. तिची रांगोळी थांबली नाही. चार ठिपके घालून झाल्यावर म्हणाली, “मज ठाऊक होतं. तुझा कॉलेजाचा अर्ज कपाटांतच होता, नव्हें?”

“मग बोललीस का नाहीस?”

“तुज तसं बरें वाटतें म्हणून सोडलें.”

“आता काय लिहू, अम्मा?”

तिने पिठाचा हात पदराला पुसला. “आहेत म्हणून लिही. कोठें म्हणून विचारलें तर नाशीक म्हणून सांग. मी आतां बदली म्हणून कोणास सांगत नाहीं. मजही कंटाळा आला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बरें आहेत कीं नाहींत, तेवढें कळलें तर पुरे. आठ वर्षें जालीं, नित्या. पत्र पोचतें कीं नाहीं, तेंही ठाऊक नाहीं.”

मला वाटत होतं की या घरात एकटी मीच आहे. ती माझ्याआधीपासून एकटी होती.

ही सगळी पत्रं उद्या सरांच्या कपाटात बंद होतील. यात अक्कांचं जे आहे ते तुम्हाला पाठवायचा मला हक्क नाही. तुम्हाला वेगळं लिहिते.

नित्या

कुंभकोणम्, १८ ऑगस्ट २०२५

अप्पांस,

हे पत्र खरंच टाकते आहे.

अम्मा बरी आहे. गुडघा दुखतो, पण घाटाच्या पायऱ्या उतरते. मी एका कामाला लागले आहे. कसलं ते सांगता येत नाही. आठ वर्षांत बऱ्याच अर्जांवर मी तुम्हाला दिवंगत लिहिलं. ते चूक होतं. कामाच्या ठिकाणचा कागद आज बदलून घेतला, बाकीचेही घेईन. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, तो तसाच आहे. पण जिवंत माणसाला मेला लिहायचं नाही, एवढं मी शिकले.

या म्हणून लिहीत नाही. उत्तराचीही वाट बघणार नाही. दारावरच्या पाटीबद्दल काही विचारायचं नाही.

एकच काम आहे. हे पत्र रजिस्टर करून पाठवते आहे, पाकिटाला पोचपावतीचं कार्ड लावलं आहे. पोस्टमन ते पुढे करेल. दारात दुसरं कुणी असेल तर थांबायला सांगा, घरातून बाहेर या आणि स्वतःच्या हाताने सही करा. मराठीत करा, मला शिकवलीत तशी, खाली तारीख घालून. कार्ड इकडे आलं की मी ते अम्माच्या हातात देईन. तुम्ही आहात, एवढं तिला लेखी मिळेल.

नित्या